माहेरचं हृदय

मावशीला तपासणीसाठी घेऊन गेले होते. काउंटरवरच्या मुलीने क्लिपबोर्डला लावलेला फॉर्म पुढे सरकवला. मावशीचा चष्मा पर्सच्या तळाशी गेलेला, म्हणून पेन मीच घेतलं. वय ५४. साखर? ‘नाही.’ बीपी? ‘थोडंसं, पण गोळीची गरज नाही म्हणाले.’ कुटुंबात कुणाला हृदयविकार? ‘सासऱ्यांना होता ना,’ मावशी लगेच म्हणाली, ‘आणि थोरल्या भाऊजींची बायपास झाली.’ मी ते लिहिलंसुद्धा, आणि मग थांबले.

सासरे आणि दीर यांच्याशी मावशीचं तीस वर्षांचं नातं आहे, पण ते रक्ताचं नाही. रक्ताचे आहेत ते आजोबा, एक्कावन्नाव्या वर्षी शेताच्या बांधावर बसल्या जागी गेलेले; आणि आजी, जिच्याबद्दल आमच्याकडे एकच ठरलेलं वाक्य आहे: ‘तिला दमा होता, त्यातच गेली.’ मावशी या दोघांना विसरली होती असं नाही. पण इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला ‘कुटुंब’ म्हटलं की सासरच आठवतं. रेशनकार्डावर नाव तिथे, देव्हारा तिथला. आईवडिलांचं सुतकसुद्धा लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवस. डॉक्टरला मात्र माहेर हवं असतं.

वैद्यकात ‘कुटुंबात हृदयविकार आहे’ या वाक्याचा अर्थ बराच काटेकोर आहे. नातं सख्खं हवं: आई, वडील, भाऊ, बहीण. (आजी-आजोबा मावशीच्या हिशेबात पहिल्या फळीचे, माझ्या हिशेबात दुसऱ्या.) आणि वय धरायचं ते असं: पुरुषाला ५५च्या आत झाला असेल तर, बाईला ६५च्या आत झाला असेल तर. पंच्याऐंशीव्या वर्षी झटका येऊन गेलेल्या पणजोबांची या रकान्यात दखल घेत नाहीत. ते वयानेच गेले असं धरतात.

५५ आणि ६५. बाईला ही दहा वर्षांची सूट कुणी दिली?

सूट खरी आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या झटक्याचं मधलं वय पुरुषांत ५६ आणि बायकांत ६५ निघालं. दक्षिण आशियातल्या लोकांना, म्हणजे आपल्याला, तो बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. आपल्याकडचं मधलं वय ५३ होतं. बायका मागे राहतात, पण मागे राहतात म्हणजे सुटतात असं नाही. आणि घरात वारसा असेल तर बायकांचाही धोका वाढतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८पासून पिढ्यान्‌पिढ्या लोकांची हृदयं तपासली जात आहेत. तिथल्या दुसऱ्या पिढीच्या अभ्यासात ज्या मुलींच्या आईला किंवा वडिलांना अकाली हृदयविकार झाला होता, त्यांचा धोका, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सिगारेट हे सगळं हिशेबातून वजा केल्यावरही, सुमारे १.७ पट निघाला.

स्वीडनमधल्या २१ हजार जुळ्यांचा अभ्यास याहून बोलका आहे. तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या बहिणींपैकी एक ६५च्या आत हृदयविकाराने गेली असेल, तर दुसरीही तशीच जाण्याचा धोका १५ पट. दोन वेगळ्या बीजांच्या जुळ्या बहिणी असतील तर २.६ पट. अशा अकाली गेलेल्या बहिणींच्या जोड्या मोजक्याच, त्यामुळे १५ या आकड्याला फार चिकटून बसू नये. पण एका घरात वाढलेल्या, एकाच ताटात जेवलेल्या दोघींमध्ये इतकी तफावत केवळ बीज वेगळं म्हणून पडत असेल, तर ‘आमच्याकडे सगळ्यांचं खाणंच तेलकट’ एवढं उत्तर पुरत नाही.

आता दहा वर्षांच्या सुटीकडे. संशयित एकच होता, आणि तो उघड होता. पाळी असते तोवर बाईचं हृदय शाबूत, पाळी गेली की पुरुषाच्या मागोमाग तीही त्याच रांगेत. म्हणजे बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन हेच कवच असणार. प्रयोगशाळेतही तसंच दिसत होतं. धमनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात सोडत राहतं, त्याने धमनी सैल पडते, रक्ताला वाट मिळते. इस्ट्रोजेनमुळे हा वायू जास्त सुटतो. यकृतात रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलून घेणाऱ्या जागा वाढतात. ‘चांगलं’ एचडीएल चढतं. याहून अधिक काय हवं?

एक विलक्षण रुग्णसुद्धा सापडला, आणि तो पुरुष होता. पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन असतं. टेस्टोस्टेरॉनमधूनच ते बनतं. १९९४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षांच्या एका माणसाचं वर्णन आलं. त्याच्या जनुकात असा दोष होता की रक्तात इस्ट्रोजेन भरपूर असूनही पेशींना त्याचा निरोपच पोचत नव्हता. त्याची हाडं वाढायची थांबली नव्हती, उंची २०४ सेंटिमीटर झाली होती. तीन वर्षांनी त्याच्या हृदयाचं चित्रण केलं, तेव्हा एकतिसाव्या वर्षी हृदयाच्या मुख्य धमनीत कॅल्शियमचे साठे दिसले. एवढ्या लहान वयात सहसा दिसू नयेत असे. एका माणसावरून नियम ठरत नाही हे खरं, पण अशा एका माणसामुळे शास्त्रज्ञांचा आत्मविश्वास वाढतो हेही खरं.

गंमत अशी की इस्ट्रोजेन कवच असेल तर ते औषध म्हणून देऊन पाहावं, ही कल्पना सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर आजमावली गेली ती बायकांवर नव्हे, पुरुषांवर. १९६०च्या दशकातल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये आधी झटका येऊन गेलेले ८,३४१ पुरुष होते. त्यातल्या काहींना रोज इस्ट्रोजेनची गोळी दिली. जास्त मात्रेच्या गटात छाती वाढणं वगैरे त्रास झालेच, पण १९७० साली तो गट बंद करावा लागला तो त्यामुळे नाही. गोळी घेणाऱ्यांना झटके जास्त येत होते. कमी मात्रेचा गट १९७३मध्ये बंद झाला; तिथे रक्ताच्या गुठळ्यांची चिंता होती.

हा इशारा होता. तो पुरुषांच्या खात्यावर टाकून सगळे पुढे गेले.

कारण तोवर बायकांसाठीची गोळी बाजारात चांगली रुळली होती. ‘प्रीमॅरिन’ अमेरिकेत १९४२मध्ये आली. गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन ते. नावही त्याच इंग्रजी शब्दांच्या तुकड्यांतून जोडलेलं. सुरुवातीला ती अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम यासाठी देत. १९६६मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक काढून पाळी जाणं हा कमतरतेचा आजारच ठरवून टाकला. मग ही गोळी हृदयासाठीही चांगली, अशी भर पडायला वेळ लागला नाही. अमेरिकेतल्या १,२१,७०० परिचारिकांचा अभ्यास १९७६पासून चालू होता. १९८५ साली त्यातून निष्कर्ष आला: हार्मोन घेणाऱ्या परिचारिकांत हृदयविकार निम्म्यावर. ज्या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला, त्याच्या त्याच अंकात फ्रेमिंगहॅमचाही लेख होता. तो सांगत होता: हार्मोन घेणाऱ्या बायकांत धोका दीडपट. एकाच अंकात, मागेपुढे, दोन उलट उत्तरं. वैद्यकाच्या इतिहासात मला हा अंक फार आवडतो. जगाने त्यातलं हवं ते उत्तर उचललं.

परिचारिकांचं चुकलं कुठे? त्यांचं काही चुकलं नाही. हार्मोनची गोळी कोण घेत होतं हे बघायला हवं होतं. स्वतःच्या तब्येतीची काळजी घेणाऱ्या, नियमित डॉक्टरकडे जाणाऱ्या, सडपातळ, बऱ्या परिस्थितीतल्या बायका. त्यांची हृदयं गोळीशिवायही बरीच राहिली असती. कारण आणि सोबत यांची ही गल्लत सोडवायची तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात: अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी, आणि कुणाला काय मिळालं हे कुणालाच माहीत नाही.

तसं पहिलं मोठं काम ‘हर्स’ नावाच्या चाचणीत झालं. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायका, सरासरी वय ६७. १९९८ साली निकाल लागला. चार वर्षांत खऱ्या गोळीच्या गटात झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू १७२ जणींना, खोट्या गोळीच्या गटात १७६ जणींना. म्हणजे फरक काहीच नाही. पण पहिल्या वर्षापुरतं बघितलं तर आकडे ५७ आणि ३८ होते. पहिल्याच वर्षात खरी गोळी नडत होती.

दुसरं काम याहून फार मोठं, ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’. ते सुरू केलं बर्नाडिन हीली यांनी. स्वतः हृदयरोगतज्ज्ञ, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक. त्या १९९१मध्ये त्या पदावर आल्या तेव्हाची परिस्थिती अशी: दिवसाआड घेतलेली अ‍ॅस्पिरिन झटका टाळते हे ज्या प्रसिद्ध चाचणीत ठरलं, तिच्यात २२,०७१ डॉक्टर होते आणि एकही बाई नव्हती. त्याच वर्षी हीली यांनी एका लेखात ‘येंटल सिंड्रोम’ हा शब्द वापरला. येंटल ही आयझॅक बाशेविस सिंगर यांच्या कथेतली मुलगी; धर्मग्रंथ शिकायला मिळावेत म्हणून मुलाचा वेष घेते. हीली यांचं म्हणणं, बाईच्या हृदयविकाराकडे लक्ष जातं ते तिचा आजार पुरुषासारखा दिसला तरच.

२००२च्या जुलैत या अभ्यासाचा एक भाग वेळेआधीच थांबवला. १६,६०८ बायका, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी जोडगोळी. दर दहा हजार बायकांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७ घटना जास्त, पक्षाघाताच्या ८ जास्त, स्तनाच्या कॅन्सरच्या ८ जास्त. खुब्याचं हाड मोडणं ५ने कमी. दहा हजारांत सात हा आकडा एकेका बाईपुरता लहानच आहे, पण ज्या गोळीने हृदय वाचेल असं सांगितलं जात होतं तिने एकानेही वाढायला नको होतं. जगभर बायकांनी डब्या कचऱ्यात टाकल्या. आपल्याकडेही अनेक डॉक्टरांनी हार्मोन या शब्दालाच हात लावायचं सोडलं.

पुढे धूळ बसल्यावर लोकांनी तेच आकडे पुन्हा उलगडले. अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणजे पाळी जाऊन दहाएक वर्षं होऊन गेलेल्या. त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर आधीच बसलेले. ओल धरलेल्या भिंतीला रंग काढला की पोपडे सुटतात. भिंत कोरडी असताना काढलेला रंग टिकतो. तसंच इथे घडत असावं. निरोगी धमनीवर इस्ट्रोजेन बरं वागतं. थर साचलेल्या धमनीत ते तो थर डळमळीत करू शकतं, आणि तोंडाने घेतलेली गोळी आधी यकृतातून जात असल्याने रक्त गोठवणारे घटकही वाढवते. २००७मधल्या फेरतपासणीत पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आतल्या बायकांत हृदयविकार वाढलेला दिसला नाही; वीस वर्षं उलटलेल्यांत वाढलेला दिसला. २०१६मध्ये ‘एलीट’ या ६४३ बायकांच्या चाचणीने हेच मुद्दाम तपासलं. पाळी जाऊन सहा वर्षं झाली नव्हती त्यांच्या मानेतल्या धमनीची भिंत इस्ट्रोजेनने कमी वेगाने जाड झाली. दहा वर्षं उलटून गेली होती त्यांच्यात काही फरक पडला नाही. मात्र हृदयाच्या धमन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्हीकडे फरक नव्हता. तेव्हा ‘लवकर घेतलं तर हृदय वाचतं’ अशी नवी घोषणा द्यायची घाई नको. एकदा हात पोळलेले आहेत.

इथवरच्या गोष्टीत इस्ट्रोजेन एकटंच नायक आणि एकटंच खलनायक आहे. हा या विषयाचा जुनाच दोष. बीजकोश टेस्टोस्टेरॉनही बनवतात. पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन कड्यावरून कोसळावं तसं उतरतं, टेस्टोस्टेरॉन उतारावरून हळूहळू. त्यामुळे दोन्ही कमी होत असताना त्यांचं आपसातलं प्रमाण पालटतं. अमेरिकेतल्या ‘मेसा’ अभ्यासात पाळी गेलेल्या २,८३४ बायकांवर बारा वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांच्यात इस्ट्रोजेनच्या मानाने टेस्टोस्टेरॉन जास्त, त्यांना हृदयाचे आजार जास्त झाले. हा निकाल २०१८चा. मग दोष टेस्टोस्टेरॉनचा? तसंही लगेच म्हणता येत नाही. पोट सुटलं, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की यकृत लैंगिक हार्मोनांना बांधून ठेवणारं एक प्रथिन कमी बनवतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. पीसीओडी असलेल्या मुलींमध्ये हेच चित्र विशीतच दिसतं. म्हणजे टेस्टोस्टेरॉन आग लावतं की धूर दाखवतं, हे अजून पुरतं वेगळं करता आलेलं नाही. म्हणून तपासणीच्या पॅकेजमध्ये ‘फीमेल हार्मोन प्रोफाइल’ दिसलं की हृदयाच्या भीतीने ते करून घेण्यात अर्थ नाही, असं माझं मत. कमरेभोवती टेप फिरवली तर त्यातलं बरंचसं फुकटात कळतं.

हार्मोनांपेक्षा मला जास्त मोलाची वाटते ती ‘स्वान’ नावाच्या अभ्यासातली एक साधी गोष्ट. १९९०च्या दशकात मध्यमवयीन बायकांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं घ्यायला सुरुवात झाली. गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी, जपानी. (भारतीय त्यात नव्हत्या.) रक्तदाब, साखर वयाबरोबर सावकाश चढत गेली. एलडीएलने मात्र तसं केलं नाही. शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात ते एकदम उडी मारतं. सगळ्या वंशांच्या बायकांत. पंचेचाळिसाव्या वर्षी ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल’ असा रिपोर्ट फाइलमध्ये लावून निश्चिंत झालेली बाई पन्नाशीत वेगळ्याच आकड्यावर असू शकते. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चारेक वर्षं आधी. म्हणजे ही उडी आपल्याकडे आणखी लवकर.

माहेरचा वारसा आणि हार्मोन यांची गाठ पडते ती इथे. वारशाने येतं काय काय? काही घरांत एलडीएल जन्मापासूनच चढं असतं. काही घरांत ‘एलपी-लिटल-ए’ नावाचा कोलेस्टेरॉलचा चिकट भाऊबंद वाढलेला असतो. तो जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतो, आहाराने हलत नाही, आणि पुष्कळ भारतीयांत जास्त असतो. बहुतेक घरांत मात्र एक मोठा दोष नसतो, शेकडो बारीकसारीक फरकांची बेरीज असते. हे सगळं मुलगी जन्मतःच घेऊन आलेली असते. पण पाळी चालू असेतो तिचा भाऊ त्याच वारशावर चाळिशीत अँजिओप्लास्टी करून घेतो आणि तिचे रिपोर्ट बरे असतात. घरचे म्हणतात, हिला आईचं आलंय, हिला काही नाही. मग पाळी जाते, एलडीएलची उडी त्या वारशावर येऊन पडते, आणि मधे दहा-बारा वर्षं गेल्यामुळे भावाचं आणि बहिणीचं दुखणं एकच, हे कुणाच्या लक्षात येत नाही. कोलेस्टेरॉलवरच्या २०१८च्या अमेरिकी मार्गदर्शनात धोका वाढवणाऱ्या गोष्टींची यादी आहे. त्यात कुटुंबातला अकाली हृदयविकार आहे, दक्षिण आशियाई वंश आहे, चाळिशीच्या आत पाळी जाणं आहे, गरोदरपणातला रक्तदाबाचा गंभीर विकार आहे. यातल्या दोन-तीन गोष्टी आपल्या आळीतल्या कितीतरी बायकांच्या पदरात आहेत.

पाळी आपोआप जाणं आणि ती घालवणं यात फार फरक आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. तीन वर्षांत खासगी दवाखान्यांत ४,६०५ पिशव्या काढल्याचा आकडा सरकारनेच सभागृहात दिला, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत ना आडोसा ना पाणी. अंगावरून जायला लागलं की दवाखान्यात ‘पिशवी सडलीय, कॅन्सर होईल’ म्हणून भीती घालायची, आणि दोनतीन लेकरं झालेली तिशीतली बाई ‘कटकट गेली’ म्हणून तयार व्हायची. या बातम्यांत तेव्हा कंबरदुखी, अशक्तपणा यांची चर्चा झाली. हृदयाची फारशी झाली नाही.

पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश काढले तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी संपतं. नुसती पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले तरी ते पुष्कळदा काही वर्षं आधीच थकतात, आणि पाळीच नसल्यामुळे ते कधी थकले हे बाईला कळतही नाही. ब्रिटनमधल्या १,४४,२६० बायकांच्या अभ्यासात (२०१९) चाळिशीच्या आत आपोआप पाळी गेलेल्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका ३६ टक्के जास्त आढळला. चाळिशीच्या आत शस्त्रक्रियेने बीजकोश काढलेल्यांना ८७ टक्के जास्त. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पाहणीत पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोश गेलेल्या बायका हृदयविकाराने जास्त संख्येने गेल्या, त्यातही ज्यांना नंतर इस्ट्रोजेन दिलं गेलं नव्हतं त्या. अशा तरुण बायकांना, दुसरी काही अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं याबद्दल तज्ज्ञांत आज फारसं दुमत नाही. फडात कोयता चालवणाऱ्या बाईला शस्त्रक्रियेनंतर हे कुणी सांगतं का, हा वेगळा प्रश्न.

मग पन्नाशीच्या, घरात हृदयविकार असलेल्या, रात्री घामाने तीनदा उठणाऱ्या बाईने हार्मोन घ्यावं का? हृदय वाचावं म्हणून घेऊ नये. त्या कामासाठी ते औषध नाही. त्रास फार असेल, वय साठच्या आत असेल आणि पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, तर केवळ वडिलांना झटका आला होता म्हणून दार बंद होत नाही. आधी रक्तदाब, एलडीएल, साखर ताब्यात हवी. मग गोळीऐवजी त्वचेवर लावायचं जेल किंवा पट्टी यांचा विचार होतो, कारण ते यकृताला वळसा घालून जातं आणि गुठळीचा धोका त्यात वाढलेला दिसत नाही. स्वतःला झटका येऊन गेला असेल तर मात्र हा विषय बंद.

एरवी करायचं ते नेहमीचंच आहे, म्हणून त्यावर फार शाई घालवत नाही. पाळी जाताना आणि गेल्यावर वर्षभरात लिपिड पुन्हा तपासणं. आयुष्यात एकदा एलपी-लिटल-ए. डॉक्टरांनी स्टॅटिन सांगितलं तर ‘इतक्यात कशाला’ न म्हणणं. जनुकांचा धोका सर्वांत जास्त असलेल्यांतही सिगारेट नसणं, वजन, व्यायाम आणि आहार नीट असणं याने झटक्याचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी दिसतो, असं ५५ हजारांवर लोकांच्या २०१६मधल्या अभ्यासात आढळलं. आपल्याकडे यात एक प्रश्न वेगळा विचारावा लागतो. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की गावाकडची बाई ‘अगं बाई, नाही’ म्हणते. ‘मशेरी?’ म्हटलं की म्हणते, ‘ती दात घासायला.’ दिवसातून तीनदा घासतात. तव्यावर काळी होईस्तोवर भाजली म्हणून तिच्यातलं निकोटिन जात नाही.

त्या दिवशी काउंटरवरच्या मुलीला सांगून फॉर्म जरा बाजूला ठेवला आणि मामाला फोन लावला. स्पीकरवर. आजीला शेवटी नक्की काय झालं होतं, विचारलं. ‘दमाच की,’ मामा म्हणाला. मग थोडा वेळ गप्प. ‘पण त्या आठवड्यात जबडा दुखतो म्हणत होती. दाढ असेल म्हणून लवंग धरून बसायची. मळ्यातून घरी येईस्तोवर दोनदा खाली बसायची. रात्री मळमळतंय म्हणाली, आम्ही सोडा दिला.’ मावशीने माझ्याकडे बघितलं. आजीला त्याआधी कधी दम्याचं औषध चालू होतं का? मामाला आठवेना. मावशीलाही नाही.

‘तेव्हा वय काय होतं तिचं?’

‘पासष्ट असेल,’ मामा म्हणाला.

‘छे, पासष्ट कसलं!’ मावशी फोनवर वाकली. ‘माझी धाकटी तेव्हा बालवाडीत होती. आई श्रावणात गेली. त्या वर्षी तिला एकसष्ट पुरी झाली होती, साडी घेऊन ठेवली होती मी.’

मी सासरे आणि भाऊजींवर काट मारली. खाली दोन ओळी लिहिल्या. वडील, ५१. आई, ६१.

‘मशेरीचं लिहू?’ मी विचारलं.

‘कुणाची, आईची की माझी?’ मावशी म्हणाली.